सांगलीची तान

नाट्यगृहात चाळीसएक माणसं असली की पद कितीही रंगलं तरी वन्समोअर मिळत नाही. माणसं लाजतात. आजूबाजूला सगळ्या रिकाम्या खुर्च्या, त्यात आपला एकट्याचाच आवाज घुमला आणि पुढच्या रांगेतल्यांनी मान वळवून पाहिलं तर? पुण्यातला माणूस एक वेळ उपाशी राहील, पण चारचौघांत असा उघडा पडणार नाही. मग ती चाळीस माणसं बेताने टाळ्या वाजवतात, कुणीतरी खोकतं आणि नाटक पुढे सरकतं.

अनंतराव हे गेली कित्येक वर्षं रंगमंचासमोर, खालच्या अंगाला, ऑर्गनवर बसून ऐकत आले होते. टेलिफोन खात्यातून ते कधीच निवृत्त झाले होते. बायको गेल्यावर नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडून ते वारज्याला लेकीकडे राहायला आले आणि येताना सामान म्हणून एक ट्रंक आणि ऑर्गन घेऊन आले. जावई भला माणूस. त्याने सोफा बाल्कनीत हलवला आणि चकार शब्द काढला नाही. पावसाळ्यात तो सोफा भिजला तेव्हाही नाही.

त्यांची लेक उल्का म्हणजे 'सुरंग नाट्यमंडळा'ची रत्नवेणी. 'संगीत रत्नवेणी' हे मंडळाचं एकुलतं एक चालणारं नाटक, आणि चालणारं म्हणजे फक्त बंद न पडलेलं. त्याच्या दुसऱ्या अंकात रुसलेली रत्नवेणी 'शब्द न ये अधरि सखे' हे बागेश्रीतलं पद गाते. त्या पदासाठी बाकीचं नाटक सहन करायचं, असा मंडळातल्यांचाच खाजगी अभिप्राय होता. आठवडाभर उल्का हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी केलेली सॉफ्टवेअर तपासायची. "आमच्याकडे एक बटण दहा वेळा दाबलं की दहाही वेळा तेच यायला लागतं," ती सांगायची. "वेगळं काही आलं की चूक. म्हणून तर मी रविवारी गाते. तिथे तेच आलं तर चूक."

ही काही तिच्या पदरची गंमत नव्हती. सुरंग मंडळाचा तसा रिवाजच होता. पद संपलं, लोकांनी वन्समोअर दिला, तर दुसऱ्यांदा गाताना पहिल्यापेक्षा वेगळं काही गायचं. तोंडाला येईल ते नव्हे, त्या पदाच्या पोटातूनच आलेलं, पण नवं. आणि एकदा वन्समोअरला गायलेली तान पुन्हा म्हणून कुठे गायची नाही. ती त्या गावाची, त्या दिवशीच्या माणसांची. तीच उचलून दुसऱ्या गावात गायची म्हणजे पाहुण्यांना उष्टं वाढण्यासारखं. मंडळातले जुने लोक अशा तानांना गावाच्या नावानेच ओळखत. ही साताऱ्याची, ती मिरजेची.

उल्काची सांगलीची तान अशीच होती. तिचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं. नाट्यगृह गच्च भरलेलं, वन्समोअर मिळाला, उल्का वर चढत चढत धैवतावर पोचली आणि नेमके दिवे गेले. माइक गेला, पंखे गेले. तबलजी मुरलेला, त्याने ठेका सोडला नाही. उल्का त्या काळोखात धैवतावर तशीच उभी राहिली. हजारभर माणसं बसली होती, पण एक खुर्ची वाजली नाही. मग मागे कुठेतरी जनरेटर धडधडला, दिवे आले आणि त्या उजेडाबरोबर उल्का खाली उतरली. जिना उतरताना गॅस चालू राहिल्याची आठवण व्हावी, पाय थबकावा, आणि मग जे होईल ते होवो म्हणून माणूस निघून जावा, तशी ती तान होती. अनंतरावांना रडू आलं. ऑर्गन वाजवताना डोळे पुसता येत नाहीत, म्हणून नाकाचं पाणी मिशीत गेलं.

त्यानंतर उल्काने ती तान कधी गायली नाही. पुढे पुढे वन्समोअरच मिळेनासे झाले, त्यामुळे नव्या ताना जन्मायच्याही थांबल्या. उल्काचं गाणं मात्र आतल्या आत पिकत चाललं होतं, ते अनंतरावांना सकाळच्या रियाजात कळायचं. बोटं आखडायला लागली होती. हिवाळ्यात तर काळ्या पट्ट्या चुकायच्या. त्यांची आता एकच इच्छा होती. हात चालताहेत तोवर उल्काला भरल्या नाट्यगृहात एक वन्समोअर मिळावा आणि त्या वन्समोअरला ती काय गाते ते आपल्या कानांनी ऐकावं. यापलीकडे त्यांनी देवाकडे काही मागितलं नव्हतं, आणि हे देव देईल असंही त्यांना वाटत नव्हतं.

देवाऐवजी सलिल आला.

सलिल एका मराठी वाहिनीवर कार्यक्रम आखायचा. वय तिशीच्या आत, दाढी राखलेली, एका हातात दोन मोबाइल. त्याच्या डोक्यातून 'रंगतारा' नावाची स्पर्धा निघाली होती. मालिकांतल्या नटनट्यांनी दर आठवड्याला एक नाट्यपद शिकायचं, झगमगाटात उभं राहून गायचं, परीक्षकांनी गहिवरायचं आणि लोकांनी घरबसल्या एसेमेस करायचे. प्रत्येक नटाला एक गुरू हवा होता. "काका, ऑथेंटिक माणसं पाहिजेत आम्हाला," सलिल म्हणाला. "तुम्ही एकदम ऑथेंटिक दिसता."

"दिसतो, हे बरं झालं," अनंतराव म्हणाले. "वाजवतोही."

मंडळाचे मालक तात्याराव हुरळून गेले. त्यांनी उभा जन्म 'रत्नवेणी'त विदूषकाचं काम करण्यात आणि बाकीचा वेळ प्रेक्षक शोधण्यात घालवला होता. "अहो, लोकांना नाट्यपद म्हणजे काय तेच ठाऊक नाही. टीव्हीने सांगितलं तर बिघडलं कुठे?" ते म्हणाले. "एकदा येऊ देत. आल्यावर त्यांना काय ऐकवायचं ते आपल्या हातात आहे."

 उल्का मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजून झाल्यावर म्हणाली, "बाबा, जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण ते येतील ते पदासाठी, की तिला टीव्हीवर पाहिलं म्हणून?"

"माणूस खुर्चीत बसला की कान काही घरी ठेवून येत नाही," अनंतराव म्हणाले. वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढचा विचार करायचा राहून गेला.

अनंतरावांच्या वाट्याला आली नम्रता. यवतमाळची पोर. एका मालिकेत गेली दोन-तीन वर्षं सासूचा छळ सोसत होती आणि त्यामुळे घराघरांत लाडकी झाली होती. ती वारज्याला शिकायला आली त्या दिवशी सोसायटीचा वॉचमन गेट सोडून जिन्यात येऊन उभा राहिला, खालच्या मजल्यावरच्या बायका साखर मागायला आल्या. अनंतरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की बाहुली येणार. पण ही बाहुली निघाली नाही. चित्रीकरण संपवून मुंबईहून यायची, चप्पल काढायची, ऑर्गनला नमस्कार करायची आणि जमिनीवर बसून एकेक ओळ घोटत राहायची. घसा लागला की गरम पाणी पिऊन पुन्हा सुरू. चुकलं की मालिकेतलं गोडगोड मराठी गळून पडायचं. "काका, माह्याच्यानं होईन का हे?"

"होईन," अनंतराव म्हणायचे. "पण आत्ता होत नाहीये."

ती खळखळून हसायची. उल्का ऑफिसातून आली की दोघींचा चहा व्हायचा. उल्काला ती आवडली होती, आणि न आवडण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. तेच तर पुढे कठीण झालं. दुष्ट माणसाला दोष देऊन मोकळं होता येतं.

नम्रताने उपांत्य फेरी पार केली आणि अंतिम फेरीसाठी अनंतरावांनी 'शब्द न ये अधरि सखे' निवडलं. सलिलने पद ऐकलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "काका, दोन मिनिटांत बसवा. आलाप ट्रिम करू. आणि एक मोमेंट पाहिजे. लोकांच्या हातात रिमोट असतो हो, अंगठ्याला जरा गॅप मिळाला की चॅनल बदललं."

मग अनंतराव ती जागा शोधायला बसले. नम्रताच्या गळ्याला वेग नव्हता. वेगाच्या ताना म्हणजे तिच्या गळ्यातून वाटाणे सांडल्यासारखे सांडत. पण ती एका स्वरावर उभी मात्र छान राहायची. नटीच ती, उभं कसं राहायचं ते तिला बरोबर कळायचं. एका दुपारी हे करून पाहा, ते करून पाहा असं चाललेलं असताना अनंतरावांची बोटं धैवतावर थांबली आणि तिथून आपोआप खाली आली. सांगलीची तान. बोटांना कुठली लाज! अनंतराव क्षणभर दचकले. तोवर नम्रताने ती गळ्यात घेतलीही होती, आणि बरी घेतली होती. पहिल्यांदाच तिच्या गाण्यात काहीतरी हललं. सलिल दारात उभा होता, तो मोबाइल खिशात ठेवून आत आला.

इथे थांबायला हवं होतं. पण शिष्याला जमलं की शिकवणाऱ्याला भान राहत नाही, आणि अनंतराव तर किती वर्षांनी कुणाला तरी काही सांगत होते. त्यांनी सगळं सांगून टाकलं. सांगलीचं नाट्यगृह, गेलेले दिवे, काळोखात उभी राहिलेली गायिका, जनरेटर. ती गायिका म्हणजे आपलीच लेक, एवढं सोडून सगळं. ते का सोडलं हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

सलिलचे डोळे लकाकले. "म्हणजे त्या नोटवर लाइट्स ऑफ! काका, जीनियस."

अंतिम फेरी दाखवली त्या रविवारी संध्याकाळी उल्का टीव्हीपुढे बसून मटार सोलत होती. जावई शेजारी, अनंतराव ऑर्गनच्या स्टुलावर. नम्रता हिरव्या शालूत आली, छान दिसत होती. तिने पद सुरू केलं, आणि धैवतावर पोचली तसे दिवे गेले. सगळा पडदा काळा. मग पांढऱ्या उजेडाचा झोत आणि ती तान. परीक्षक उभे राहिले, एकाने खिशातून रुमाल काढला.

उल्काच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली. जाहिराती लागल्यावर तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

"ही सांगलीची."

"हो," अनंतराव म्हणाले.

"पुन्हा कुठे गायची नाही म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

"तू गायची नाहीस असं म्हटलं होतं. शिकवायची नाही असं कोण म्हणालं?"

हे उत्तर पुण्याच्या कुठल्याही दुकानात शोभलं असतं. लेकीला द्यायचं नव्हतं. उल्काने शेंग सोलून संपवली, दाणे वाटीत टाकले. "मला विचारायचं तरी. मी नाही म्हटलं असतं बहुतेक. पण विचारायचं," ती म्हणाली. "आता ती कुणाची, बाबा?"

अनंतराव ऑर्गनच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसत राहिले. त्यांना वाटलं, सांगावं की मी हे तुझ्याचसाठी केलं, ही माणसं उद्या तुझ्या पदाला येतील. पण ते खरं होतं की सोयीचं, याची त्यांची त्यांनाच खात्री नव्हती.

नम्रता जिंकली. महिन्याभरात ती तान गावभर झाली. रिक्षावाल्याच्या मोबाइलवर ती वाजायची, बिग बाजारच्या रांगेत वाजायची. शाळांच्या गॅदरिंगमध्ये पोरी शालू नेसून धैवतावर उभ्या राहायला लागल्या आणि त्यांचे बाप दिव्याच्या बटणाशी. कंपनीच्या बसमध्ये उल्काच्या शेजारची मुलगी म्हणाली, "तू पण तेच साँग म्हणतेस ना नाटकात? तुला येते का गं ती नम्रताची तान?"

"येते थोडीफार," उल्का म्हणाली.

आणि 'रत्नवेणी'चा प्रयोग लागला तर तिकीटखिडकीवर रांग! तात्याराव आदल्या दिवसापासून जमिनीला पाय लावत नव्हते. स्वतः मार्केट यार्डात जाऊन मोगऱ्याचे गजरे घाऊक भावाने घेऊन आले, दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला एक. जाहिरातीत त्यांनी ठळक अक्षरांत छापलं होतं, 'रंगतारामुळे महाराष्ट्राच्या ओठी पोचलेले पद, मूळ नाटकात.' बाहेर 'हाउसफुल्ल'चा बोर्ड लागला. तो बोर्ड शोधायलाच अर्धा तास गेला होता, इतकी वर्षं तो सेटच्या मागे पडून होता. नम्रता मुद्दाम मुंबईहून आली होती, पहिल्या रांगेत बसली होती.

पहिली घंटा व्हायच्या आधी तात्यारावांनी अनंतरावांना बाजूला घेतलं. "प्रकाशयोजनेच्या माणसाला सांगून ठेवलंय. धैवत लागला की अंधार."

"उल्काला विचारलंत?"

"तुम्ही विचारा. बाप आहात."

उल्का आरशापुढे बसून नथ घालत होती. अनंतराव मागे उभे राहिले. पडद्याआडून माणसांचा आवाज येत होता, भरल्या घरातल्या लग्नासारखा. तो आवाज त्यांच्या अंगात चढला होता.

"तुझ्या मनासारखं गा," ते म्हणाले. आणि तिथे गप्प बसवलं नाही म्हणून पुढे म्हणाले, "पण लोक आलेत गं. एकदा ती तान घेतलीस की वन्समोअर नक्की. मग वन्समोअरला तू आहेस आणि मी आहे. तेव्हा काय हवं ते गा. मी नुसता षड्ज धरून बसतो."

"म्हणजे आधी उष्टं वाढायचं आणि मग ताजं."

"उल्का, इतक्या वर्षांत..." त्यांनी तिच्या खुर्चीची पाठ धरली. "मला एकदा ऐकायचंय."

उल्काने आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याची मान हलत होती, कोट खांद्यावर मोठा झाला होता. तिने नथीची फिरकी घट्ट केली. "बरं," ती म्हणाली.

पहिला अंक माणसांनी सोसला. नांदी झाली, विनोद झाले, तात्यारावांचा विदूषक पडला तेव्हा लोक हसलेही. दुसऱ्या अंकात रत्नवेणी झोपाळ्यावर येऊन बसली तशी नाट्यगृहात सळसळ झाली. शेकडो मोबाइल वर आले. उल्काने पद सुरू केलं. वर चढत धैवतावर गेली, काळोख झाला. त्या काळोखात सांगलीची शांतता नव्हती. लोक आधीच हसून, हुंकार देऊन, शेजाऱ्याला ढोसून वाट पाहत होते. झोत आला, उल्का खाली उतरली, आणि तान संपायच्या आतच छप्पर उडेल असा आवाज झाला.

"वन्समोअर! वन्समोअर!"

अनंतरावांनी डोळे मिटून घेतले. हा शब्द त्यांनी एवढ्या मोठ्याने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. मग त्यांनी कबूल केल्याप्रमाणे षड्ज धरला आणि पायाने भाता हलकेच चालू ठेवला. तबलजीने ठेका खाली आणला.

उल्काने वर पाहिलंच नाही. ती खालच्या सप्तकात उतरली आणि 'शब्द' एवढंच म्हणाली. ते गाणं होतं की बोलणं, सांगता आलं नसतं. एखादी बाई भांडण विसरून पहिला शब्द काढते आणि तो निघेल की नाही याची तिलाच खात्री नसते, तसा तो स्वर चाचपडत वर आला, थांबला, पुन्हा खाली गेला. अनंतरावांच्या अंगावर काटा आला. बागेश्रीत त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण ही वाट त्यांनी पाहिली नव्हती. हीच. ह्याचसाठी ते थांबले होते. पोरगी इतकी वर्षं हे कुठे ठेवून होती?

वर आलेले मोबाइल एकेक करून खाली यायला लागले. मधल्या रांगेत कुणीतरी शेजारच्याला विचारलं, "हे काय चाललंय?" दोघं उठले, बटाटेवड्यांची रांग वाढायच्या आत गाठायची म्हणून. आणि बाल्कनीतून आवाज आला, "ओ ताई, ती टीव्हीवाली घ्या ना!" हशा पिकला. "तीच, तीच!" म्हणून टाळ्या सुरू झाल्या.

 अनंतरावांच्या डोळ्यांपुढे रिकाम्या खुर्च्या उभ्या राहिल्या. आत्ता ही माणसं गेली की पुन्हा येणार नाहीत, पोरीची भर नाटकात फजिती होणार. तिला सावरायला हवं. एवढंच त्यांच्या मनात होतं, देवाशप्पथ एवढंच. आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट षड्जावरून सरकलं आणि त्याने धैवत दाबला.

ऑर्गनचा धैवत सगळ्या नाट्यगृहात भरून राहिला. लोकांनी तो ओळखला आणि शिट्ट्या वाजवल्या.

उल्का थांबली. तिने खाली, ऑर्गनकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागावली असती तर अनंतरावांना सोसलं असतं. मग ती सरळ त्या धैवतावर जाऊन उभी राहिली. दिवे गेले, झोत आला, आणि सांगलीची तान पहिल्यासारखीच, सुरासुराने तीच, उतरून खाली आली. लोक उभे राहिले. आणखी एकदा मागितली. उल्काने आणखी एकदा दिली. तीच.

प्रयोगानंतर रंगपटात पाय ठेवायला जागा नव्हती. पेढे वाटत वाटत तात्याराव ओरडत होते, धायरीतल्या एका मंडळाने पुढच्या प्रयोगाची सुपारी दिली होती, फक्त पद जरा लवकर घ्या म्हणत होते, पहिल्याच अंकात. अनंतराव दाराशी उभे होते. उल्का आरशापुढे दागिने उतरवत होती आणि कुणी अभिनंदन केलं की नीट हसून "थँक्यू" म्हणत होती.

गर्दीतून वाट काढत नम्रता आली आणि वाकून उल्काच्या पाया पडली. तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं होतं. "ताई, दुसऱ्या वेळेस तुम्ही खालच्या सुरात सुरू केलं होतं न, ते काय होतं?" ती म्हणाली. "माह्या तं काळजात चर्र झालं. मी वाटच पाहत होती. पूर्ण काहून नाही केलं तुम्ही?"

भरल्या नाट्यगृहात एका माणसाने ऐकलं होतं, आणि ते माणूस टीव्हीनेच पाठवलेलं होतं. अनंतरावांना हे कळलं आणि त्यांनी दाराची चौकट धरली.

उल्काने बांगड्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. "ते बाबांना विचार," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळून, ऑफिसात बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "बटण तुम्ही दाबलंत, बाबा. तिन्ही वेळा तेच आलं ना? आमच्याकडे याला पास म्हणतात."

नम्रता एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. अनंतरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तात्यारावांनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

वाद्यं न्यायला टेम्पो यायचा होता म्हणून ते पुन्हा रंगमंचासमोर ऑर्गनपाशी जाऊन बसले. झाडूवाली रांगारांगांतून चुरगळलेले गजरे गोळा करत होती. त्यांनी भाता हलवला, षड्ज धरला आणि उल्काने काढलेला तो 'शब्द' आठवून एका बोटाने वाजवायला सुरुवात केली. चाचपडत वर आला, थांबला, खाली गेला, पुन्हा निघाला. तिथपर्यंत त्यांना बरोबर आठवलं. तिथे त्यांचं बोट आलं होतं. पुढचं त्यांनी दोन-तीनदा शोधून पाहिलं, पण ते त्यांच्या कानात नव्हतं. ते अजून कुणी गायलंच नव्हतं.